नदीवरची नजर
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



मला विषय दिला आहे 'आपली नदी'. नदीला आई म्हणून ओवाळण्यात आपण बायका कधी कमी पडलो नाही. तेव्हा आज आरती बाजूला ठेवून थेरगावच्या केजूबाई बंधाऱ्याविषयीच बोलते.

बंधाऱ्याने अडलेली पवना तळ्यासारखी संथ होते. म्हणूनच तिथे बोट क्लब झाला. पण संथ पाणी जलपर्णीलाही मानवते. ही मूळची दक्षिण अमेरिकेतली. जांभळ्या फुलांच्या हौसेपायी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आली. तिला खत कोण घालते? आपणच. शुद्ध न होता जेवढे मैलापाणी पात्रात येते, तेवढे तिचे जेवण. तिने पाणी झाकले की ऊन आत जात नाही, प्राणवायू घटतो, मासे मरतात. डासांचे तर विचारूच नका; संध्याकाळी पाचलाच खिडक्या कोण लावून घेते, ते इथे बसलेल्यांना ठाऊक आहे.

ऊब आणि खत मिळाले की ती पंधरा दिवसांत दुप्पट होते. हिशेब करून पाहा. संक्रांतीला पाण्याचा सोळावा हिस्सा हिरवा असेल, तर चार पंधरवड्यांत सारे पाणी झाकले जाईल. आपण ओरड करतो ती नेमकी तेव्हा, शिमग्याच्या सुमारास! पावसाळ्याचा पूर तिला वाहून नेतो. काठाला अडकलेली रोपे मार्गशीर्षात माणसांच्या हातांनी निघतात, चैत्रात यंत्रे लागतात. वाल्हेकरवाडीच्या रोटरी क्लबने पवनेतली जलपर्णी काढण्याची मोहीम चालवली, तेव्हा हे काम नागरिकांना जमते हे दिसलेच. मात्र काढलेली काठावर टाकून भागत नाही, पुरात ती पुन्हा पाण्यात जाते. तिच्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. उन्हात सुकवून वजन उतरले की खताच्या खड्ड्यात घालावी.

पूर्वी बाई धुणे घेऊन नदीवर जाई. पाण्याचा रंग पालटला की आधी तिला कळे. नळ आला, डोक्यावरचा हंडा उतरला, फार बरे झाले. त्या कष्टांचे गोडवे मी गाणार नाही. पण नदीवरची रोजची नजरही त्याबरोबर गेली. रावेतला उचललेले पवनेचे पाणी घरात येते, आणि पवना मात्र आपण पुलावरून, नाकाला पदर लावून पाहतो. कामासाठी नाही, तर करमणुकीसाठी तरी पाण्यापाशी जायला हवे. डॉ. विश्वास येवले यांनी २००२ साली आळंदीहून पंढरपूरला होड्यांतून जलदिंडी सुरू केली. होडीत बसलेल्याला पाण्याचा वास चुकवता येत नाही. मला तर हीच तिची खरी थोरवी वाटते.

म्हणून माझी सूचना अशी, की यंदाचे संक्रांतीचे हळदीकुंकू बंधाऱ्याच्या काठी करावे. वाण प्लॅस्टिकचे नको. सासूबाईंना आणि मुलांना आणा. मुलांना पाण्यात मात्र उतरू देऊ नका. त्यानंतर दर पंधरवड्याला दोघीदोघींनी जाऊन किती पाणी झाकले ते वहीत टिपावे. आपल्या भागातला नाला कोणत्या शुद्धीकरण केंद्राला जोडला आहे, की नाहीच, हे महापालिकेच्या कचेरीत विचारून उत्तर लेखी घ्यावे. वही चिटणीसबाईंकडे आहे. पहिल्या पाळीला माझे नाव घाला. सोबतीला कोण येते, ते चहाच्या वेळी सांगा.