एनोडेन : घरच्यांची आणि पाहुण्यांची गाडी

जपानची राजधानी तोकियो. तिच्या दक्षिणेस समुद्रकांठीं कामाकुरा नांवाचें प्राचीन नगर आहे. आठशें वर्षांपूर्वीं तेथें शोगुनांची सत्ता नांदत होती. आज तेथील महाबुद्धाची ब्राँझची भव्य मूर्ति पाहावयास देशोदेशींचे प्रवासी येतात. या नगरापासून फुजिसावा शहरापर्यंत एका खाजगी कंपनीची विजेची रेल्वे धांवते. लोक तिला लाडानें ‘एनोडेन’ म्हणतात. तिची लांबी अवघी १० किलोमीटर. पण तेवढ्यांत स्टेशनें १५!

या मार्गाचा पहिला भाग १९०२ सालच्या सप्टेंबरांत सुरू झाला आणि १९१० सालीं गाडी कामाकुरास पोंचली. वाटेवर एनोशिमा बेट लागतें. तेथें बेन्झाइतेन देवीचें ठाणें आहे. ही देवी म्हणजे बौद्ध धर्माबरोबर जपानांत गेलेली आपली सरस्वतीच. तिच्या यात्रेकरूंना गाडीची मोठी सोय झाली. पुढें वस्ती वाढली आणि शाळा-कचेरीस जाणारे रोजचे उतारूही मिळाले. घरांच्या परसांमधून वाट काढीत, कांहीं अंतर चक्क हमरस्त्यावरून आणि मग सागरतीरानें ही गाडी जाते.

१९६० नंतर मोटारी वाढल्या, उतारू घटले आणि मार्ग बंद करण्याची भाषा ऐकूं येऊं लागली. अशा वेळीं, १९७६ सालीं, गोकुराकुजी स्टेशनाच्या परिसरांतील एक दूरचित्रवाणी मालिका लोकप्रिय झाली. तिचे प्रेक्षक तें ठिकाण पाहावयास येऊं लागले आणि गाडीचे दिवस पालटले. पाहुण्यांनीं घर सांवरलें, असेंच म्हणावयाचें.

परंतु पुढें पाहुणे फार झाले. बास्केटबॉलवरील ‘स्लॅम डंक’ या दूरचित्रवाणी मालिकेंत १९९३ सालीं समुद्रालगतचें एक रेल्वे-फाटक दिसलें. आतां तें पाहावयास परदेशांतूनही झुंडी येतात. गाड्या मात्र वाढवितां येत नाहींत. लोहमार्ग एकेरी, समोरासमोरच्या गाड्यांना एकमेकींस वाट देण्याच्या जागा मोजून पांच. गाडीस चारांहून अधिक डबे नाहींत, आणि कोशिगोए स्टेशनांत तेवढ्यांनाही फलाट पुरत नाहीं. गर्दीनें वेळापत्रक कोलमडूं लागलें, तेव्हां २०२३ सालच्या मार्चांत दर बारा मिनिटांनीं सुटणारी गाडी चौदा मिनिटांनीं सोडण्याचें ठरलें.

वसंतांतील सुट्यांच्या आठवड्यांत कामाकुरा स्टेशनाबाहेर लांबच लांब रांग लागते. औषधास निघालेल्या म्हाताऱ्यानें त्या रांगेंत किती वेळ तिष्ठावें? २०१७ सालच्या मे महिन्यांत नगरपालिकेनें एक प्रयोग केला. मार्गालगतच्या रहिवाशांस दाखले दिले. दाखला असणारास बाहेरच्या रांगेंत उभें न राहतां स्टेशनांत प्रवेश मिळाला.

यावर कोणी विचारील, भाडें सर्वांचें सारखें, मग हक्क निराळा कां? प्रश्न रास्त आहे. परंतु पाहुणा येतो तो सुट्टींत, आकाश निरभ्र असतांना. रहिवासी पावसांत, थंडींत, वर्षाचे बाराही महिने त्याच डब्यांत बसतो. २०२० सालच्या महामारींत परदेशी प्रवासी येईनासे झाले, तेव्हांही गांवच्या लोकांसाठीं ही गाडी धांवतच होती.

पाहुण्याविना ही रेल्वे कदाचित् जगली नसती; पण घरच्यांनाच अंगणांत ताटकळावें लागलें, तर तें आतिथ्य कसलें? नगरपालिकेनें पाहुण्यास दार बंद केलें नाहीं. घरच्या माणसास आंत येण्यापुरती वाट तेवढी करून दिली.