पिझ्झा, अंबाझरी आणि आपली वैनगंगा



आमच्या बचत गटाला यंदा १० वर्षं झाली. दरवर्षी वर्धापन दिनाला आम्ही मसालेभात आणि बुंदी करतो. यंदा सगळ्या म्हणाल्या, रांधणं तर रोजचंच आहे, कुठंतरी जाऊ या. लेकरं कधीची पिझ्झा पिझ्झा करत होती, तेही एकदा पाहू. गटाच्या पैशाला हात लावायचा नाही, ज्याचा खर्च तिनंच करायचा, असं ठरलं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणून पवनी ते नागपूर परवडलं. ११ जणी निघालो.

धरमपेठेतलं ते दुकान गच्च भरलेलं. काचेचं दार लोटायला कोणी पुढं होईना. शेवटी अध्यक्षबाईंनी पदर खोचला आणि शिरल्या. पिझ्झा समोर आला तशा आजी म्हणाल्या, "हे त मैद्याची जाड भाकर, भाजी वरूनच लावून देल्ली!" चीजची तार तुटता तुटेना, आम्ही हसून हसून बेजार. चव बरी होती, पोट काही भरलं नाही. बिल पाहून सचिवताईंनी तिथंच हिशेब केला, एवढ्यात तांदूळ किती किलो आला असता. तो आकडा इथं सांगत नाही, घरचे ऐकत असतील.

उरलेले तुकडे खोक्यांत बांधून अंबाझरी तलावावर गेलो. एकेकाळी नागपूरला पाणी पाजणारा हा तलाव. गार वारा, समोर पाणीच पाणी. खरं सांगतो, पिझ्झ्यापेक्षा आमचा जीव इथंच रमला. पण काठाला प्लेटा, पेले, बाटल्या अडकलेल्या.

आमच्यातल्या एक काकू ढिवरांच्या घरच्या. त्यांनी विचारलं, "हे पानी भरलं का मंग जाते कुठं?"

आम्ही सांगितलं. तलाव ओसंडला की पाणी नाग नदीत जातं. सप्टेंबर २०२३ मध्ये असाच ओसंडला आणि नागपूरच्या वस्त्यांत पाणी शिरलं, ते आपण टीव्हीवर पाहिलं. ही नाग शहरभराचं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते सगळं गोसीखुर्दच्या धरणात येऊन अडतं.

काकू जरा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "म्हंजे आमच्या जाळ्यातच येते ना जी." काळं, वास मारणारं पाणी त्यांच्या घरानं वर्षानुवर्षं पाहिलं आहे. जाळ्यावरच त्यांचं घर चालतं.

आम्ही आपली खोकी, पेले, सगळं पिशवीत भरलं. चार खोक्यांनी वैनगंगा घाण होत नाही, एवढं आम्हालाही कळतं. नाग नदीच्या स्वच्छतेचा मोठा प्रकल्प मंजूर आहे, ते काम शहराचं. पण परतीच्या एसटीत एकीनं विचारलं, "आपल्या गावची नाली कुठं जाते?" सगळ्या गप्प. तीही नदीतच जाते.

तेव्हा येत्या ग्रामसभेसाठी आम्ही दोन विषय लिहून दिले आहेत. नालीच्या तोंडाशी शोषखड्डे, आणि नागच्या पाण्याबद्दल जिल्हाधिकाऱ्यांना ठराव. काठावरच्या इतर गटांनीही आपापल्या ग्रामसभेत हाच ठराव मांडला तर बरं होईल. मजकूर आमच्याकडून मागून घ्या.

खोक्यातला पिझ्झा लेकरांनी तव्यावर गरम करून खाल्ला. आजींनी मात्र त्यावर तिखट टाकून घेतलं.