गवत फुलावर असतानाच कापा
(सातपूर येथे श्रावणात झालेले भाषण)



सातपूरला येऊन गवतावर बोलायचे, हे ऐकून कोणी हसेल. इथे कारखान्यांचे भोंगे. इथे गवत कुठले? खरे आहे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले. पुढे सातपूरच्या शेतांवर कारखाने उभे राहिले. १९८२ साली नाशिकची महानगरपालिका झाली आणि सातपूर तिच्यात गेले. पण इथे कोण कोण बसले आहे ते पाहा. निम्मी मंडळी त्र्यंबकच्या, इगतपुरीच्या, पेठच्या बाजूची. मुलगा इथे कारखान्यात पाळीवर जातो. तिकडे म्हातारी आणि सून भात लावतात. दावणीला एक म्हैस असते, नाही तर गाय. पगार महिन्याने येतो, पण मीठमिरची रोज लागते. ती दुधावर चालते. त्या एका जनावरासाठी आम्ही आज बोलणार आहोत.

आधी पावसाचे पाहू. नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. इगतपुरीला तो ३००० च्या आसपास जातो. मधले अंतर पन्नास किलोमीटरसुद्धा नाही! घाटाकडची हवा थंड आणि ओली. चार महिने ढग डोंगरावरून उतरत नाहीत. भात, नागली, वरई, खुरासणी ही तिथली पिके. ही पिके आपल्या वाडवडिलांना उत्तम येत होती. ती कशी घ्यावी हे तुम्हाला शिकवण्याचा आगाऊपणा आम्ही करणार नाही.

आमचा सवाल दुसरा आहे. जिथे एवढा पाऊस, तिथे गवत उदंड. बांधावर गवत, माळावर गवत, डोंगरभर गवत. मग त्याच मुलखात चैत्र-वैशाखात म्हैस का विकावी लागते?

आम्ही हे दर साल पाहतो. पावसाळ्यात म्हैस बादली भरते. दिवाळीनंतर दूध उतरायला लागते. होळीपर्यंत ती पेंढ्यावर येते. पेंढ्याने पोट भरते, अंगी लागत नाही. उन्हाळ्यात बरगड्या दिसतात. मग दलाल येतो. त्याला चाऱ्याची अडचण कळलेली असते. तो म्हणेल तो भाव. आणि पाऊस पडल्यावर तसलेच जनावर घ्यायला जा, तर भाव दुप्पट सांगतात. हा तोटा कुठल्या वहीत लिहिलेला नसतो, म्हणून तो दिसत नाही.

आता गवताचे ऐका. डोंगरात मारवेल असते, पवना असते, कुसळी असते. भाद्रपदात गवत फुलावर येते. त्या वेळी काडी मऊ असते, पाने हिरवी असतात, कस पुरा असतो. फूल गेले, बी धरले, की सारा कस बियात जातो. बी झडून मातीत पडते. मागे उरते ती नुसती काडी. आपण केव्हा कापतो? कार्तिकात. भाताची कापणी उरकली, ऊन पडले, की मग विळा घेऊन डोंगरात जातो. तोवर गवत पिवळे झालेले असते. कुसळीला तर कुसळे आलेली असतात. ती जनावराच्या तोंडात रुततात. म्हणजे मेहनत पुरी करून आपण घरी काडी आणतो.

कोणी म्हणेल, "भाद्रपदात कापून वाळवायचं कुठं? वर पाऊस, खाली चिखल. कुजून जाईल." अगदी बरोबर. आपले वाडवडील काही अडाणी नव्हते. वाळवता येत नाही म्हणूनच ते कार्तिकापर्यंत थांबत. ही अडचण आपल्या एकट्याची नाही. युरोपात आयर्लंड, इंग्लंड हे थंड आणि ओले देश आहेत. तिथेही वाळत घातलेले गवत पावसात सडे. नॉर्वेमध्ये शेतात खांब रोवून, तारा ओढून त्यांवर गवत वाळत घालीत, धुणे घालावे तसे! पुढे या देशांत बहुतेक शेतकऱ्यांनी गवत वाळवण्याचा नाद कमी केला. ते ओलेच दाबून ठेवू लागले. त्यालाच आपण मुरघास म्हणतो.

मुरघास म्हणजे चाऱ्याचे लोणचेच म्हणा. कैरी बरणीत दाबतो, वरून हवा लागू देत नाही, म्हणून ती टिकते. चाऱ्याचेही तसेच. हिरवा चारा बारीक कापायचा. बोटाच्या एका पेराएवढे तुकडे करायचे. थराथराने भरायचे आणि प्रत्येक थर तुडवायचा. हवा बाहेर गेली पाहिजे. वरून प्लॅस्टिकचा कागद घालून बंद करायचे. आत चाऱ्यातली साखर आंबते, आंबट रस तयार होतो. त्या आंबटपणामुळे चारा सडत नाही. दीड महिन्याने मुरघास तयार होतो. उघडला नाही तर वर्षभर सुद्धा टिकतो.

सांगायला सोपे आहे. आता आमची फजिती ऐका.

पहिल्या वर्षी आम्ही त्र्यंबकच्या बाजूच्या एका गावात गेलो. पुस्तकात खड्डा लिहिला होता. आम्ही खड्डा खणायला लावला. जागाही आम्हीच दाखवली, गोठ्याजवळची, सोयीची. गावच्या बाया चार दिवस गवत वाहत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "दादा, हितं पानी झिरपतं." आम्ही ऐकले नाही. वर प्लॅस्टिक आहे, पाणी कुठून येणार, असे आम्ही म्हणालो. पाणी वरून आले नाही, ते खालून आले. माघात खड्डा उघडला तेव्हा घाण वास सुटला. सगळा काळा चिकचिकाट. म्हशीने हुंगले आणि तोंड फिरवले. बाया काही बोलल्या नाहीत. एकीने फक्त विचारले, "आता उन्हाळ्याला काय घालू वं?" याला आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या घरची म्हैस त्या वैशाखात विकली गेली. ती आमच्यामुळे गेली, हे आम्ही विसरलेलो नाही.

तेव्हापासून ओल्या मुलखात आम्ही खड्डा सांगत नाही. उंच, मुरमाड जागा असली आणि पावसाळ्यात तिथे खणून पाणी लागले नाही, तरच खड्डा. नाही तर जमिनीवर विटांची टाकी. नाही तर जाड प्लॅस्टिकची पिशवी. अर्धा टन, एक टन मावेल अशा पिशव्या आता बाजारात मिळतात. पिशवीला उंदराने भोक पाडले की हवा शिरते, एवढे मात्र सांभाळा. भोक दिसले की लगेच चिकटपट्टी लावा.

दुसरी गोष्ट. नुसते डोंगरी गवत नीट मुरत नाही, कारण त्यात साखर कमी. म्हणून पावसाने उघडीप दिली की सकाळी कापा, दुपारपर्यंत सुकू द्या, मग भरा. शंभर किलो गवताला एक ते दोन किलो गूळ थोड्या पाण्यात विरघळवून शिंपडा. चारा मुठीत आवळून पाहा. पाणी गळले तर फार ओला. मूठ उघडताच गोळा भसकन फुटला तर फार कोरडा. गोळा हळूहळू सुटला आणि हात नुसता ओलसर झाला, की बरोबर.

मुरघासाला सर्वांत चांगली मका. तिच्यात साखर भरपूर. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची 'आफ्रिकन टॉल' नावाची चाऱ्याची मका आहे. एकरी तीस किलो बी लागते. कणसात दाणा दुधावर आला की कापायची. पण मकेच्या मुळाशी पाणी साचले तर ती पिवळी पडून बसते. भाताच्या खाचरात ती पावसाळ्यात लावू नका. उताराची, निचऱ्याची जागा पाहा.

किती लावायची? हिशेब करू. दुकानात सुटे पैसे मोजता येतात, तर हेही मोजता येईल. एका जनावराला रोज १५ किलो मुरघास धरा. फाल्गुनापासून जेष्ठापर्यंत १०० दिवस. झाले १५०० किलो. नीट तुडवला तर एक घनफूट जागेत १५ किलो मावतो. म्हणजे १०० घनफूट जागा हवी. पाच फूट लांब, पाच फूट रुंद, चार फूट उंच. एवढीच! आपल्या झोपायच्या खोलीहून लहान. आणि एवढी मका चांगल्या जमिनीत तीन-चार गुंठ्यांत निघते. मुरघासाबरोबर थोडा पेंढा द्यावा. नागलीचे काड असेल तर आणखी चांगले. ते भाताच्या पेंढ्याहून कसदार असते.

हे झाले उन्हाळ्याचे. मधल्या थंडीचे काय? दिवाळी ते होळी हे दिवस आपण वाया घालवतो. भात निघाल्यावर खाचर ओले असते, हवा गार असते. विहिरीचे किंवा बंधाऱ्याचे थोडे पाणी असेल, तर अशा खाचरात बरसीम घ्यावे. हे मूळचे इजिप्त देशाचे पीक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते सिंधमध्ये आले, तिथून इकडे पसरले. भारी जमीन, ओल आणि गारवा त्याला मानवतो. वाफ्यात पातळ पाणी उभे करून त्यात बी फेकतात. भात करणाऱ्याला हे काम नवीन नाही. गुंठ्याला अडीचशे ते तीनशे ग्रॅम बी पुरते. बियात कासनी नावाच्या तणाचे बी मिसळलेले असते. दहा लिटर पाण्यात एक किलो मीठ घालून त्यात बी बुडवा. तणाचे बी वर तरंगेल, ते काढून टाका. मग चांगल्या पाण्याने धुवा आणि जिवाणू खत चोळून पेरा. दीड महिन्यात पहिली कापणी येते. पुढे दर पंचवीस-तीस दिवसांनी. ऊन तापले की ते संपते.

लसूणघास तुम्हाला ठाऊकच आहे. तो दोन-तीन वर्षे टिकतो. पण त्याला पायात पाणी चालत नाही. बांधाजवळच्या, निचऱ्याच्या तुकड्यात त्याला जागा द्या. पाणी अगदीच कमी असेल तर ओट पाहा. कापताना जमिनीपासून चार बोटे सोडून कापला, की तो पुन्हा फुटतो.

एक सावधगिरी. बरसीम आणि घास दवाने ओला असताना, उपाशी जनावराला कधी घालू नका. पोट फुगते, आणि जनावर घडीभरात दगावू शकते. आधी थोडा पेंढा खाऊ द्या. घास सकाळी कापून सुकवा, मग पेंढ्यात मिसळून घाला. डाव्या कुशीला फुगवटा दिसला तर वाट पाहू नका. जनावरांच्या डॉक्टरला बोलवा.

मघाशी एका मावशीने विचारले, "एवढं सगळं एकटीनं कसं व्हायाचं? मानूस तर हितं सातपुरात." मावशींचे म्हणणे रास्त आहे. भाद्रपदात भाताचे काम असते, आणि कुट्टी करायचे यंत्र प्रत्येकाच्या घरी नसते. म्हणून आमचे असे म्हणणे की चार-पाच घरांनी मिळून करावे. एक कुट्टीयंत्र, एकेका घराचा एकेक दिवस. आणि इथल्या मुलांनी सुट्टीच्या दिवशी गावी जाऊन तुडवणीला उतरावे. तुडवणी हे अंगाचे काम आहे. आईने आणि बायकोनेच का करावे?

आता श्रावण लागला आहे. गवत फुलावर यायला तीन-चार आठवडे आहेत. ज्यांना पिशव्या हव्यात त्यांनी आपले नाव आणि गाव वहीत लिहावे. स्वतःच्या हाताने लिहा, अंगठा नको. बाहेर ओसरीवर गेल्या भाद्रपदात भरलेली एक पिशवी आणून ठेवली आहे. ती आम्ही अजून उघडलेली नाही. चला, सर्वांसमोर उघडू. रंग पिवळट हिरवा असेल आणि वास आंबूस, ताकासारखा येईल, तर चारा चांगला. काळा निघाला, तर कुठे चुकले ते तुम्हीच आम्हाला दाखवा.