संस्थेचा संगणक चालवणारी माणसे



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून महाराष्ट्रात गावोगावी अशा माला उभ्या राहिल्या. त्या चालवणारी मंडळी सगळीकडे सारखीच दिसतात: वाचनालयाचे कार्यवाह, निवृत्त शिक्षिका, बाजारपेठेतले एखादे व्यापारी, बँकेतून निवृत्त झालेले आणि आता खजिनदार असलेले गृहस्थ. आजचा विषय या मंडळींचाच आहे. लहान संस्थांना संगणक, सॉफ्टवेअर आणि प्रशिक्षण कसे मिळते, मिळाल्यावर त्याचे काय होते आणि काय व्हायला हवे, हे मला मांडायचे आहे. संस्था म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर वाचनालय आहे, महिला मंडळ आहे, वसतिगृह आहे, अपंग मुलांची शाळा आहे. पगारी माणसे दोन किंवा तीन, बाकी सारे कार्यकर्ते.

अशा संस्थेला संगणक हवा की नको, हा प्रश्न आता उरलेला नाही. कायद्यानेच तो निकालात काढला आहे. आयकर सवलतीसाठीची नोंदणी पूर्वी एकदा झाली की कायमची असे. २०२१ पासून ती मुदतीची झाली आणि तिचे नूतनीकरण ऑनलाइन करावे लागू लागले. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून प्रत्येक देणगीदाराचे नाव, पत्ता, ओळख क्रमांक आणि रक्कम १०बीडी या नमुन्यात ३१ मेपर्यंत भरणे सक्तीचे झाले. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क, आणि देणगीदाराची वजावट अडकते ती वेगळीच. शासकीय अनुदान हवे तर नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक लागतो. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीसाठी सीएसआर-१ हा अर्ज भरलेला असावा लागतो. धर्मादाय आयुक्तांचे कामही बरेचसे ऑनलाइन झाले आहे.

हे सगळे करते कोण? बहुतेक ठिकाणी संस्थेचे सनदी लेखापाल, म्हणजे सीए. ते आपुलकीने करतात, कित्येकदा नाममात्र शुल्कात करतात, त्याबद्दल मला आदरच आहे. पण पोर्टलचा पासवर्ड त्यांच्या कार्यालयात असतो. डिजिटल स्वाक्षरीही तिथेच असते. ओटीपी जातो तो मागच्या कार्यकारिणीतल्या चिटणिसांच्या मोबाइलवर, आणि ते आता मुलाकडे बंगळुरूला राहायला गेलेले असतात. संस्थेचा ईमेल एखाद्या उत्साही तरुणाने स्वतःच्या नावाने उघडलेला असतो. त्याला नोकरी लागते आणि तो गाव सोडतो. वेबसाइटचे नाव कोणाच्या खात्यावर नोंदले आहे, हे ती बंद पडते त्या दिवशी कळते. संस्था पन्नास-साठ वर्षांची असली, तरी तिच्या कागदपत्रांवर तिचा ताबा नसतो. एखादे विश्वस्त अचानक वारले तर विश्वस्तबदलाच्या अर्जाच्या आधी पासवर्डचीच शोधाशोध सुरू होते. तंत्रज्ञानाची मदत म्हणजे काय, याचा विचार इथून सुरू व्हावा असे मला वाटते, कारण मदत देणारे बहुधा दुसऱ्याच टोकाकडून सुरुवात करतात. ते वस्तू देतात.

वस्तू देण्याची ही व्यवस्था जगभर आहे आणि तिचा उगम पाहण्यासारखा आहे. सॅन फ्रान्सिस्कोत १९८७ साली डॅनियल बेन-हॉरिन या पत्रकाराने कॉम्प्युमेंटर नावाची संस्था काढली. संगणक जाणणारी माणसे शोधायची आणि धर्मादाय संस्थांशी त्यांची गाठ घालून द्यायची, एवढेच तिचे काम. नावातच मेंटर होता. पुढे तिचेच टेकसूप झाले आणि मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरे स्वस्तात किंवा फुकट संस्थांना पोचवणारी ती जागतिक व्यवस्था बनली. भारतात नॅसकॉम फाउंडेशनच्या साहाय्याने ही योजना आली. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांच्याही नोंदणीकृत संस्थांसाठी सवलती आहेत. या सवलती खऱ्या आहेत आणि प्रत्येक संस्थेने त्या घ्याव्यात. स्वतःच्या नावाचा ईमेल, कागदपत्रे ठेवण्याची सामायिक जागा एवढे जरी नीट घेतले तरी मघाशी सांगितलेल्या निम्म्या अडचणी सुटतात. मात्र कॉम्प्युमेंटरने सुरुवात माणसापासून केली होती, हे आपण विसरू नये. आपल्याकडे वस्तू आधी आली आणि माणूस यायचा राहिला.

माणूस तयार झाला तर साध्या साधनांनीही काय साधते, याचे सर्वांत मोठे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. तो १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी खाली आला होता. बाळ तपासणाऱ्या आणि नोंद करणाऱ्या गावच्याच स्त्रिया होत्या, शिक्षण पाचवी ते दहावी. हातात छापील तक्ता. वजन किती, ताप किती, श्वास मिनिटाला किती. जन्ममृत्यूंच्या नोंदी स्वतंत्रपणे पडताळल्या जात. जगाने तो निष्कर्ष मानला, कारण त्यामागची नोंद पक्की होती. आज त्याच नोंदीसाठी कोबो टूलबॉक्ससारखी मोफत साधने मोबाइलवर मिळतात आणि इंटरनेट नसतानाही चालतात. पण कोणता प्रश्न विचारायचा, कोणत्या वेळी विचारायचा आणि उत्तर खोटे वाटले तर काय करायचे, हे मोबाइल शिकवत नाही. ते गडचिरोलीत माणसांनी माणसांना शिकवले होते.

दुसरे उदाहरण शेजारच्या छत्तीसगडमधले. बिलासपूर जिल्ह्यातल्या गनियारी गावी जन स्वास्थ्य सहयोग हे डॉक्टरांनी उभे केलेले रुग्णालय आहे. त्यांना रुग्णनोंदींसाठी संगणकप्रणाली हवी होती. थॉटवर्क्स या कंपनीचे अभियंते त्यांच्याबरोबर बसले. बाह्यरुग्ण विभागात काम कसे चालते ते पाहून, ओपनएमआरएस या मुक्त प्रणालीवर त्यांनी ‘बाहम्नी’ तयार केली. आज ती इतर देशांतल्या रुग्णालयांतही वापरली जाते. खेड्यातल्या संस्थेची गरज नीट ऐकली तर जगाला उपयोगी पडेल असे साधन तयार होते, याचा हा पुरावा आहे. आपल्या जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत दरवर्षी शेवटच्या वर्षाचे प्रकल्प होतात. त्यांतले बरेच गुण मिळाले की कपाटात जातात. त्या मुलांना महिनाभर एखाद्या वसतिगृहाच्या कार्यालयात बसवले तर किती चांगले होईल!

आता एक प्रश्न खास मराठीतला. १९९० नंतर संस्थांचे अहवाल, स्मरणिका, इतिवृत्ते संगणकावर आली ती श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फाँटमध्ये. त्या फायली आज नव्या संगणकावर उघडा: मराठीच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसते. शोध लागत नाही, मजकूर ईमेलने धड जात नाही. वीसेक वर्षांचा इतिहास असा कुलूपबंद पडला आहे. युनिकोडमध्ये तो बदलून देणारी साधने आहेत. जोडाक्षरे बिघडतात म्हणून नंतर एकदा हाताने वाचावे लागते, इतकेच. हे काम तातडीचे आहे, कारण जुन्या सीडी आणि हार्ड डिस्क खराब होत चालल्या आहेत. नवीन मजकूर तरी पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये हवा. इन्स्क्रिप्ट कळफलक प्रत्येक संगणकात असतोच आणि रोज थोडा सराव केला तर काही आठवड्यांत बोटांना सवय होते. ज्यांना टंकलेखन जमत नाही त्यांनी मोबाइलवर बोलून लिहावे. अंगणवाडीच्या ताई कित्येक ठिकाणी मोबाइलवर नोंदी करतात. मग कार्यवाहांनी का घाबरावे?

प्रशिक्षणाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाने २००१ नंतर महाराष्ट्रातल्या लाखो लोकांची संगणकाशी ओळख करून दिली, हे मोठेच काम झाले. पण संस्थेला पुढचे हवे असते, आणि ते दोन दिवसांच्या कार्यशाळेत मिळत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी पडद्यावर स्लाइड दाखवतात, जेवण असते, प्रमाणपत्र मिळते. परत आल्यावर स्वतःची देणगी-वही समोर ठेवली की त्यातले काही आठवत नाही. शिकवणाऱ्याने संस्थेत यावे. एप्रिलमध्ये यावे, जेव्हा देणगीदारांची यादी करायची असते. लेखापरीक्षणाच्या आधी यावे. त्यांच्याच पावतीपुस्तकावरून, त्यांच्याच संगणकावर, त्यांच्याच भाषेत काम करून घ्यावे, आणि कळफलक स्वतःच्या हाती घेऊ नये. शिकणारी बाई चुकेल, वेळ लागेल, लागू द्यावा.

यासाठी पैसा कुठून येणार, हा रास्त प्रश्न आहे. देणगीदारांना इमारत दिसते, संगणक दिसतो. तो चालवणाऱ्या मुलीचा पगार मात्र प्रशासकीय खर्च ठरतो. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. नोंदी ठेवणे हा संस्थेच्या सेवेचाच भाग आहे, हे देणगीदारांना आपण ठामपणे सांगायला हवे. प्रस्तावात त्या कामाचा स्वतंत्र रकाना ठेवायला हवा.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. समुपदेशन केंद्रात आलेल्या स्त्रीचे नाव, एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलाचा फोटो, वसतिगृहातल्या मुलींची यादी ही माहिती व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर फिरताना मी पाहतो तेव्हा काळजी वाटते. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण कायदा नसता तरी, विश्वासाने आपल्याकडे आलेल्या माणसाची माहिती जपणे आपले कर्तव्यच होते. अशा यादीला पासवर्ड असावा, ती कोणी पाहायची ते कार्यकारिणीच्या ठरावात लिहिलेले असावे, आणि फोटो काढण्याआधी त्या माणसाला, मूल असेल तर पालकांना, विचारावे. प्रशिक्षणाचा पहिला तास यासाठीच ठेवावा.

मग हे सगळे शिकवायला माणूस कुठून आणायचा? तालुक्याच्या गावी निवृत्त बँक कर्मचारी असतात. खातेवही त्यांना कळते, कोअर बँकिंग आले तेव्हा चाळिशी-पन्नाशीत ते संगणक शिकले, आणि नवखेपणाची भीती काय असते हे त्यांनी अनुभवले आहे. त्यांच्या जोडीला राष्ट्रीय सेवा योजनेतले दोन विद्यार्थी द्या, वाचनालयाची एक खोली द्या, आणि आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवा. तालुक्यातल्या कोणत्याही संस्थेने आपली वही घेऊन यावे. पहिल्या बैठकीत संस्थेच्या नावाचा ईमेल उघडावा, सगळे पासवर्ड एका यादीत लिहून ती बंद पाकिटात अध्यक्ष आणि चिटणीस या दोघांकडे ठेवावी, आणि पोर्टलांवरचा जुना मोबाइल क्रमांक बदलून घ्यावा. या व्याख्यानमालेच्या संयोजकांशी मी तसे बोललो आहे. सभागृहात ज्यांनी बँकेत नोकरी केली आहे त्यांनी आज जाण्यापूर्वी कार्यवाहांकडे आपले नाव नोंदवावे, अशी माझी त्यांना मनापासून विनंती आहे.