‘घरीच असते’

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यामुळे मोठा विषय न घेता आपल्या रोजच्या बोलण्यातलाच घेतला आहे. काही शब्द शिवी नसतात, बोलणाऱ्याच्या मनात वाईटही नसते. पण ऐकणारीला ते लागतात. शिवीला उलट उत्तर देता येते. या शब्दांना देता येत नाही. द्यायला जावे तर, ‘एवढं काय मनाला लावून घेतेस?’ हा आणखी एक शब्द पदरात पडतो.

पहिला शब्द ‘बघू’. नळ गळतोय म्हणावे, ‘बघू.’ माहेरी चार दिवस जाऊन येते म्हणावे, ‘बघू.’ सरळ ‘नाही’ म्हटले तर भांडता तरी येते. ‘बघू’शी कसे भांडायचे?

दुसरा, ‘तुला काय कळतंय त्यातलं?’ बँकेची, जागेची, मुलीच्या स्थळाची गोष्ट निघाली की हा ठरलेला. महिनाअखेरीला उरलेल्या पैशांत घर चालवायची वेळ आली की मात्र हिला सगळे कळते!

तिसरा, ‘त्यात काय एवढं?’ गड्ड्याच्या यात्रेला दहा पाहुणे आले. भाकऱ्या थापून हाताला चटके बसले. तरी ‘भाकरीच तर टाकायची, त्यात काय एवढं?’ आता हीच आपली सोलापूरची कडक भाकरी दुकानात गेली की तिला भाव येतो, पाकिटात बसून ती परगावी जाते. मग चुलीपुढे बसलेल्या हातांनाच किंमत का नसावी?

आणि चौथा शब्द, ज्याच्यासाठी मी आज उभी आहे, तो ‘घरीच असते’. कोणी विचारले, ‘वहिनी काय करतात?’ की उत्तर तयार, ‘काही नाही, घरीच असते.’ आपल्या शहराला वर्षानुवर्षे पाणी काही दिवसांआड मिळत आले. नळाला पाणी अपरात्री आले तरी उठून भांडी, पिंपे कोणी भरली? ‘घरीच असते’ तिने. सासऱ्यांचे औषध, मुलांचा अभ्यास, दारावर आलेला माणूस, सगळे तिच्याकडेच.

आमच्या शेजारी एक अक्का आहेत. विड्या वळतात. पाने भिजवायची, कातरीने कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा. हजार विड्यांवर मजुरी, त्यातून खराब म्हणून काढलेल्या वजा. मान आणि बोटे दुखून येतात. आणि घरातले म्हणतात, ‘बसल्या बसल्या चार पैसे मिळतात.’ अक्का मला म्हणाल्या, ‘मजुरी कमी मिळते त्याचं दुःख आहेच, पण ते “बसल्या बसल्या” त्याहून जास्त लागतं.’ आपल्या गावात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषा नांदतात. मी चारही घरच्या शेजारणींना विचारले. प्रत्येकीच्या भाषेत असा शब्द आहे, आणि तो सांगताना प्रत्येकीच्या कपाळाला आठी पडली.

कोणी म्हणेल, शब्दांनी काय होते? होते, बायांनो. तोंडातला शब्द पुढे कागदावर जातो. माझी मुलगी मला वर्तमानपत्रातले वाचून दाखवते, त्यातले सांगते. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांची गणना ‘काम न करणाऱ्यां’त झाली, आणि त्याच गटात भिकारी आणि तुरुंगातले कैदीही होते. एक गृहिणी अपघातात गेली. ती कमावती नव्हती म्हणून तिच्या माणसांना अडीच लाख रुपये भरपाई ठरली. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१० साली न्यायाधीशांनी त्या जनगणनेवर कडक टीका केली, घरच्या कामाला मोल आहे असे सांगितले आणि भरपाई सहा लाख केली. म्हणजे ‘काही करत नाही’ या शब्दांची किंमत त्या घराला साडेतीन लाख पडणार होती.

सरकारने २०१९ मध्ये लोकांच्या दिवसभराच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटांचा वेळ जातो, करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटांचा, असे निघाले. म्हणजे आपले पाच तास, त्यांचा दीड तास. याला सुट्टीचा वार नाही.

उलट, कामाला नाव मिळाले की काय होते तेही आपल्याच गावात पाहा. १९७६ मध्ये विडी कामगारांच्या कल्याण निधीचा कायदा झाला. जिच्याकडे विडी कामगार म्हणून ओळखपत्र आहे, तिच्या मुलांना शिष्यवृत्ती मागता येते. ‘घरीच असते’ म्हणून बसली तर काही मिळत नाही. कुंभारीला महिला विडी कामगारांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाची १०,००० घरांची वसाहत २००६ साली उभी राहिली. बायकांनी त्यासाठी मोर्चे काढले, पदरचा वाटाही भरला. त्या जर स्वतःला ‘बसल्या बसल्या’ काम करणाऱ्या समजत राहिल्या असत्या, तर घरे कोणी मागितली असती?

आता दोन शब्द आपल्यासाठी. जीभ काही फक्त पुरुषांनाच नाही. ‘आज बाई आली नाही’ असे आपल्या तोंडी सहज येते. त्या बाईला नाव आहे, घर आहे. सुनेने नवीन काही केले की ‘आमच्या वेळी असलं नव्हतं’ हेही काही कमी लागत नाही. आणि दिवसभर यंत्रमागाचा खडखडाट सोसून आलेल्या माणसाला ‘तुम्हाला काय, बाहेर मोकळे’ म्हणणेही बरे नव्हे.

मग करायचे काय? भांडण नको. ‘त्यात काय एवढं?’ म्हटले की शांतपणे म्हणावे, ‘या, एक दिवस करून पाहा.’ ‘बघू’ म्हटले की विचारावे, ‘कोणत्या वारी?’ आणि ‘काय करता?’ असे कोणी विचारले, तर आपणच ‘काही नाही’ म्हणू नये. घर चालवते म्हणावे. विड्या वळते, शिवण शिवते, चटणी कुटून विकते, जे करते ते म्हणावे.

आपल्या मंडळाच्या सभासद-वहीत ‘व्यवसाय’ असा रकाना आहे. मी ती वही चाळली. बहुतेकींच्या नावापुढे आडवी रेघ आहे. अध्यक्षीणबाईंना माझी विनंती आहे की यंदा वही नवी करताना एकही रेघ राहू देऊ नये. आज जाण्यापूर्वी प्रत्येकीने आपले काम आपल्या हाताने लिहावे. जिला लिहिता येत नाही तिचे मी लिहून देईन.