दिलेली जागा, आपला शब्द



मागे आपल्या पनवेलात पाण्यासाठी सभा भरली होती. मी बोलायला उठले. चार माना वळल्या आणि मी खाली बसले. त्या रात्री मला अनसूयाबाई काळे आठवल्या.

अमेरिकेत जेनेट रँकिन १९१६ साली प्रतिनिधिगृहावर निवडून आल्या. इकडे मध्यप्रांताच्या कायदेकौन्सिलात १९२८ साली सरकारने अनसूयाबाईंना नेमले. जागा सरकारने दिलेली, पण मन विकलेले नव्हते. १९३० साली सत्याग्रह सुरू होताच त्यांनी ती सोडली. १९३७ साली लोकांनीच त्यांना निवडून दिले व त्या प्रांतिक विधानसभेच्या उपसभापती झाल्या. १९४२ च्या आष्टी-चिमूर प्रकरणात फाशी सुनावलेल्यांचे प्राण वाचावेत म्हणून त्या झटल्या. १९५२ साली नागपूरने त्यांना लोकसभेत पाठविले.

महाराष्ट्रात २०११ पासून नगरपालिका, महानगरपालिकांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. जागा कायदा देतो. तिथे बोलायचे मात्र आपणच. पुढच्या सभेला मी पुन्हा उठणार आहे. तुम्ही शेजारी बसा, म्हणजे मी खाली बसणार नाही.