कागद वाचून मगच देशाची वेस ओलांडावी



परतूर हे मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरील तालुक्याचे गाव. कापूस आणि सोयाबीन यांवर येथील संसार चालतो. लागोपाठ दोन हंगाम हातचे गेले, की घरातील तरुणाची दृष्टी प्रथम पुण्या-मुंबईकडे आणि नंतर सागरापलीकडे वळते. यात लज्जास्पद काहीच नाही. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी हिंदू समाजाच्या पायांतील ज्या सात बेड्या तोडावयास सांगितल्या, त्यांत सिंधुबंदी होतीच. प्रश्न परदेशी जावे की नाही हा नसून, कसे जावे हा आहे.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ भारतीय मजूर मॉरिशसला पोहोचले. पुढे कोकणातील मराठी माणसेही त्या बेटावर गेली. ज्या ‘अ‍ॅग्रीमेंट’वर मजुरांनी अंगठे उमटविले, त्याचेच लोकांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले. ती पद्धत १९१७ मध्ये थांबली. न वाचलेल्या कागदावर सही करण्याची सवय मात्र थांबली नाही.

आजचा दलाल म्हणतो, “आधी पर्यटक व्हिसावर जा, कामाचा व्हिसा तिथे करून देऊ.” या एका वाक्यावर शेत गहाण पडते. पर्यटक व्हिसावर नोकरी करणारा त्या देशाच्या कायद्याने अपराधी ठरतो. मग वेतन बुडाले, पारपत्र कोणी काढून घेतले, तरी दाद मागण्यास तो धजावत नाही.

कामाच्या व्हिसाचे मूळ मालकाच्या नोकरीपत्रात असते. मालकाचे नाव, वेतन, कामाचे तास, निवास ही कलमे कागदावर नसतील, तर तो व्यवहारच संशयास्पद समजावा. दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगाराला आखाती देशांसह १८ देशांत नोकरीसाठी जाताना, १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यान्वये उत्प्रवासी संरक्षकाची अनुमती लागते. भरती करणारा नोंदणीकृत आहे का, हे ‘ई-मायग्रेट’ या शासकीय संकेतस्थळावर पाहता येते. त्याच्या सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये व त्यावरील कर अशी ठरविण्यात आली. याच अनुमतीबरोबर प्रवासी भारतीय विमा योजनेचे कवच येते; अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास त्याची रक्कम १० लाख रुपये आहे. पर्यटक म्हणून गेलेला कामगार या साऱ्या संरक्षणास मुकतो.

सन्मानाचा मार्ग कौशल्यातून जातो. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला, तेव्हा जर्मन भाषेच्या प्रशिक्षणाचाही त्यात विचार झाला. हाती कसब आणि मुखी त्या देशाची भाषा असेल, तर दलालाच्या दारी जावे लागत नाही.

येथे कार्यकर्त्याचे कर्तव्य सुरू होते. शेजारचा तरुण सातबारा घेऊन सावकाराकडे निघण्यापूर्वी, एक संध्याकाळ त्याच्या ओसरीवर बसावे. आई-वडिलांसमक्ष प्रत्येक कलम मराठीत समजावून द्यावे. देशाबाहेर जाणारा प्रत्येक जण भारताचा प्रतिनिधी असतो. तो ताठ मानेने जावा आणि ताठ मानेनेच परतावा, याची चिंता समाजाने वाहिली पाहिजे.